एकाच घोड्याची सोडत

व्हेल्मा आत्याकडे दोन शिड्या आहेत. एक तिची, आणि दुसरी, पहिली कोणी नेली तर वापरायला. पहिली परत मागायला जायची वेळ येऊ नये म्हणून ही सोय. स्वतःची वस्तू परत मागण्यापेक्षा दुकानात जाऊन नवी आणणं तिला सोपं वाटतं. याच हिशेबानं तिच्याकडे दोन ड्रिल, दोन घमेली आणि हवा भरायचे तीन पंप आहेत. कंबरेचा सांधा बदलायचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलातली घंटा तिनं एकदाही दाबली नाही. तिसऱ्या दिवशी नर्सला ती कॉरिडॉरमध्ये सापडली, सलाइनचा खांब एका हातात आणि पाण्याचा जग दुसऱ्या हातात. “तुम्ही कामात होता,” म्हणाली.

ही माझी सख्खी आत्या. व्हेल्मा ट्रेम्बाथ, वय सत्तर, बिनलग्नाची. तिनं आमच्या पोर्ट कॅरू गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. गावात आज वीस ते पंचेचाळीसच्या मधे जे जे कोणी आहे, ते तिच्याच बसमधून शाळेत गेलं. मी भाचा, म्हणून माझी जागा ठरलेली: पहिल्या बाकावर, तिच्या आरशात बरोबर दिसेन अशी. बारा वर्षं मी त्या आरशात स्वतःला मोठा होताना पाहिलं, आणि ते दृश्य फारसं प्रेक्षणीय नव्हतं.

आता नाताळाकडे येतो.

आमच्या घरात नाताळच्या भेटींचा नियम असा: नोव्हेंबरात चिठ्ठ्या काढायच्या, ज्याचं नाव येईल त्याला भेट द्यायची, आणि पंचवीस डॉलरच्या वर एक सेंटही जायचा नाही. पंचवीस डॉलरमध्ये काय मिळतं? खेकडे छापलेला टॉवेल मिळतो. बटण दाबलं की गाणारा रबरी मासा मिळतो. मागच्या वर्षी आत्याला अंडी कापायचं यंत्र मिळालं. ते तिच्या घरातलं तिसरं. तिनं ते कपाटात ठेवलं आणि जाहीर केलं, “पुढच्या वर्षी चिठ्ठ्या नाहीत. भेटी मी देणार. कोणी काही आणायचं नाही. कोळंबी सोडून.”

तर यंदा नाताळच्या दुपारी आत्याच्या घरी तिला सोडून आम्ही अकरा जण जेवायला बसलो. आमचा नाताळ भर उन्हाळ्यात येतो; बाहेर एक्केचाळीस डिग्री. आत ओव्हन चालू, कारण आमचे पणजोबा कॉर्नवॉलच्या थंडीतून आले होते आणि त्यांचं जेवण आम्ही अजून त्यांच्याच पद्धतीनं खातो, फक्त घाम आमचा असतो. सगळ्यांच्या डोक्यावर नाताळच्या प्रथेचे कागदी मुकुट. मुकुट काढणं म्हणजे घराण्याचा अपमान. हॅम झाली, कोळंबी झाली, आणि आत्यानं प्रत्येकाच्या ताटाशेजारी एक पांढरं पाकीट ठेवलं.

पाकिटात एक कार्ड. कार्डावर एक नंबर. एका संस्थेच्या वेबसाइटवर जायचं, तिथं जगभरातल्या माणसांचे फोटो असतात: कोणाला शिवणयंत्र घ्यायचंय, कोणाला कोंबड्या. आपण एक माणूस निवडायचा, नंबर टाकायचा, की आत्याचे पंचवीस डॉलर त्या माणसाला कर्ज म्हणून जातात. त्यानं फेडले की ते आपले.

सगळ्यांनी कार्डं उलटीपालटी करून पाहिली.

“ताई,” मर्व काका म्हणाला. हा आत्याचा धाकटा भाऊ. “मला जरा समजावून सांग. म्हणजे माझी भेट ही, की कोणीतरी माझं देणं लागतं?”

“हो.”

“मग ही भेट मला आहे की त्याला?”

“मर्व, कोळंबी खा.”

“मला मोजे चालले असते,” माझा भाऊ डेल पुटपुटला. त्याची बायको कॅमिल वहिनी सिडनीची. तिनं त्याला टेबलाखालून लाथ मारली आणि विचारलं, “आत्या, कोणाला द्यायचे? तुमच्या मनात आहे का कोणी?”

आत्या उभी राहिली. एप्रन सारखा केला. घसा खाकरला. तोंड उघडलं. आम्ही सगळे तिच्याकडे पाहत होतो.

“कोणालाही द्या,” ती म्हणाली. “भेट तुमची आहे.” आणि पुडिंगचा सॉस आणायला आत निघून गेली.

इथं मर्व काकाची ओळख करून द्यायला हवी. दर नोव्हेंबरात घोड्यांच्या मोठ्या शर्यतीच्या दिवशी अख्खा देश काम थांबवतो, आणि गावच्या पबमध्ये घोड्यांची सोडत निघते. घोड्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून टोपीत टाकायची, पैसे भरून एकेक उचलायची, ज्याच्या चिठ्ठीतला घोडा पहिला त्याला बक्षीस. गेली बावीस वर्षं ती टोपी मर्व काकाची आहे. आता अशा माणसाच्या हातात तुम्ही फोन दिलात, आणि त्यावर ओळीनं फोटो, नावं, देश, आणि प्रत्येकाच्या पुढे त्याचे किती पैसे जमलेत याची हिरवी पट्टी, तर तो काय करणार?

“अरे,” काका हळूच म्हणाला, आणि त्याचे डोळे पाणावले. “ही तर शर्यतीची यादी आहे!”

पाच मिनिटांत टोपी आली. अकरा नावं चिठ्ठ्यांवर उतरली. ज्याची पट्टी आधी भरेल तो जिंकला, बक्षीस उरलेली हॅम. मला केनियाची टोमॅटोवाली आली. डेलला पराग्वेतला डुकरं पाळणारा. वहिनीला ताजिकिस्तानचा चांभार. काकाला जॉर्जियातला एक मिशाळ मधमाशीवाला, आणि काकानं चिठ्ठीचं चुंबनच घेतलं. मग सगळ्यांनी एकदम नंबर टाकले आणि काका खुर्चीवर चढून ओरडायला लागला, “टोमॅटो पुढे! टोमॅटो पुढे! डुकरं मागून येतायत! चांभार अडकला, चांभार अडकला, अरे उठ रे बाबा! आणि हा आला मधमाशीवाला, बाहेरच्या अंगानं...”

“चल टोमॅटो!” मी टेबल बडवत होतो. लाज वाटते, पण बडवत होतो.

मधमाशीवाला घोड्याच्या नाकाएवढ्या अंतरानं जिंकला. काका हॅम उचलून नाचत होता तेवढ्यात आत्या सॉसचं भांडं घेऊन दारात आली.

“सगळे टाकले?” तिनं विचारलं.

“अकराच्या अकरा!” काका म्हणाला. “ताई, आयुष्यातली सगळ्यात भारी भेट! शब्द मागे घेतो.”

“छान,” आत्या म्हणाली. भांडं खाली ठेवलं आणि भांडी घासायला आत गेली.

नाताळच्या दिवशी आत्या भांडी घासत नाही. ती आमच्याकडून घासून घेते. म्हणून मी मागोमाग गेलो. ती सिंकपाशी पाठमोरी उभी होती, आणि पावाच्या डब्याला टेकवून तिचा टॅब्लेट ठेवला होता. स्क्रीनवर एका बाईचा फोटो. चाळिशीची, दणकट, केसांत फूल, हात एका बसच्या बॉनेटवर. बस लाकडी अंगाची, निळीलाल रंगवलेली, आणि उभी राहण्याच्या पद्धतीवरूनच कळत होतं की चालत नाहीये. नाव सिनालेई. सामोआ. मुलांना शाळेत नेण्यासाठी गिअरबॉक्स आणि चार टायर. अजून अकराशे डॉलर कमी. मुदत आज सहापर्यंत. तोवर पूर्ण भरले नाहीत तर ज्याचे त्याला परत, आणि तिला काहीच नाही.

“आत्या, आम्ही हिला द्यायला हवे होते?”

“कोणी म्हटलं?”

“आत्या.”

तिनं एकच बशी तीनदा घासली. मग म्हणाली, “ब्याऐंशी साली बसचं कंत्राट निघालं. म्हाताऱ्या मालकाला बस विकायची होती. मी बँकेत गेले. मॅनेजर म्हणाला, नवऱ्याला घेऊन या, त्याची सही लागेल. म्हटलं, नवरा नाही. मग वडिलांना आणा. म्हटलं, वारले. तर म्हणाला, मग लग्न करून या.”

“मग?”

“मग काय. दोन वर्षं मासळीच्या कारखान्यात मासे कापले आणि रोखीनं घेतली.”

“आम्हाला वाटायचं तुला मासे आवडतात म्हणून तू तिथं होतीस.”

“मासे कापायला कोणाला आवडतात रे, जॅगो?” तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. “हाताचा वास दोन वर्षं गेला नाही. ही बाई दोन महिने झाले त्या वेबसाइटवर टांगलीय. मी पेन्शनमधून टाकत गेले, पण ते किती पुरणार? वाटलं, तुम्ही सगळे आहात. तिची दोन वर्षं जाऊ नयेत, एवढंच.”

“अगं मग जेवताना सांगायचं ना!”

“तीन दिवस बाथरूममध्ये सराव केला,” आत्या म्हणाली. “तिथं छान जमत होतं.”

मी बाहेर जाऊन सगळं सांगितलं. आतून आत्या “जॅगो, गप्प बस!” ओरडत होती, पण बारा वर्षं तिच्या बसमध्ये गप्प बसलो होतो, तेवढं पुरे. मर्व काकाचा चेहरा पडला. त्यानं हॅम खाली ठेवली. “अरे देवा,” म्हणाला. “मी तिची बसच पळवली.”

सगळ्यांनी लगेच फोन काढले आणि परत पंचवीस-पंचवीस टाकले. काकानं प्रायश्चित्त म्हणून शंभर जास्त. तरी सव्वासातशे कमी. इतके पैसे आमच्यापैकी कोणाच्याच खात्यात नव्हते. नाताळात ट्रेम्बाथांच्या खात्यात पैसे उरले तर बँकच फोन करून विचारेल काय झालं म्हणून.

काका खिडकीतून बाहेर पाहत होता. समोर समुद्र. ओहोटी लागलेली, आणि नाताळच्या ओहोटीला आमचं अर्धं गाव गुडघाभर पाण्यात असतं, हातात लांब दाताळं आणि बादली घेऊन निळे खेकडे ओढत.

“सोडत,” काका म्हणाला.

“घोडे किती?” डेलनं विचारलं.

“एक.”

साडेचारला आम्ही अकरा जण मुकुट घालून वाळूवर उतरलो. कॅमिल वहिनीकडे फोन आणि क्रेडिट कार्ड. माझ्याकडे रोख गोळा करायला बादली, जिच्यात आधीच दोन खेकडे होते आणि ते काढायला कोणाला वेळ नव्हता. काका पुढे, हातात टॅब्लेट. आणि सगळ्यात मागे आत्या, ठेवणीतला फुलाफुलांचा फ्रॉक, तोंड लाल. “मर्व, तमाशा करू नकोस! मर्व, घरी चल! सगळं गाव बघतंय!”

“तेच तर हवंय!” काका ओरडला.

पहिलं गिऱ्हाईक लिंडसे खाटीक. छत्रीखाली खुर्ची टाकून, मोठी गवती टोपी घालून, पोटावर बिअरचा डबा ठेवून बसला होता.

“नाताळची सोडत, लिंडसे! पंचवीस डॉलर!”

“आज कुठली शर्यत?” लिंडसेनं डोळा किलकिला केला. “घोडे किती?”

“एक.”

“एकच?”

“एकच. पण काय घोडी आहे बघ.” काकानं फोटो पुढे धरला.

“ही बस आहे.”

“आत्ता उभी आहे म्हणून बस दिसतेय. पळाली की बघ.”

“आणि जिंकलो तर मला काय?”

“तुझे पंचवीस परत. दीडेक वर्षात, थोडे थोडे.”

“आणि हरलो तर?”

“तर नाही मिळणार.”

लिंडसेनं विचार केला. “नोव्हेंबरपेक्षा बरंच की. तिथं पैसे परत मिळाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.” त्यानं खुर्चीखालच्या डब्यातून नोट काढून बादलीत टाकली. आमच्या नोटा प्लास्टिकच्या, भिजल्या तरी काही होत नाही. पण खेकड्यानं ती लगेच नांगीत धरली आणि पुढचा पाऊण तास सोडली नाही.

एका घोड्याची सोडत ही बातमी वाळूवरून आमच्याही पुढे पळाली. लोक स्वतःहून यायला लागले. “मला कुठला नंबर?” “पहिला.” “तो तर त्याला दिला!” “सगळ्यांना पहिलाच आहे!” असं गोड प्रकरण गावानं कधी पाहिलं नव्हतं. कोणी हरतच नव्हतं. दोघा-तिघांनी बायकोच्या नावानं दुसरी चिठ्ठी घेतली. पट्टी सरकत होती, काकाचा घसा बसत होता, आणि आत्या हातांची घडी घालून दूर उभी राहून समुद्राकडे पाहत होती, जणू हे कुटुंब कोणाचं आहे ते तिला ठाऊक नाही.

पाचला काकाचा आवाज पूर्ण गेला. तीनशे कमी. वाळूवरचे सगळे देऊन झाले होते.

“अजून तास आहे,” डेल म्हणाला. “पाण्यातले लोक परत आले की त्यांना धरू.”

कॅमिल वहिनी फोनकडे बघत होती. “आत्या,” तिनं सावकाश विचारलं, “सहा म्हणजे कुठले सहा?”

“सहा म्हणजे सहा,” आत्या म्हणाली.

“इथं सिडनीचे सहा लिहिलेत.”

आमचं घड्याळ सिडनीपेक्षा अर्धा तास मागं. एक नाही, दोन नाही, अर्धा. सिडनीवाल्यांनी पूर्ण तासांचे तुकडे घेतले आणि उरलेला चुरा आम्हाला दिला. या अर्ध्या तासापायी आमचे सामने सुटलेत, विमानं सुटलीत, खुद्द आमच्या आईवडिलांच्या लग्नात सिडनीच्या पाहुण्यांनी अर्धा तास रिकाम्या चर्चमध्ये बसून काढलाय. सिडनीचे सहा म्हणजे आमचे साडेपाच.

“किती वाजले?” आत्यानं विचारलं.

“पाच दहा.”

लोक पार लांब होते, वाळूच्या पट्ट्यापलीकडे, ठिपक्यांएवढे. काकानं हाक मारायला तोंड उघडलं, नुसती हवा आली. डेलनं मारली, वाऱ्यानं नेली. आणि तेवढ्यात माझ्या बाजूनं काहीतरी फुलाफुलांचं सपकन गेलं.

आत्या पाण्यात शिरली होती. बुटांसकट. ठेवणीतला फ्रॉक कंबरेशी गोळा करून, नव्या कंबरेनं, पाणी उडवत ती सरळ त्या ठिपक्यांच्या दिशेनं चालली होती, आणि आम्ही तिच्यामागं, वहिनी फोन डोक्यावर धरून, मी बादली.

“ऐका!” आत्या ओरडली. शंभर पावलांवर कुठली तरी पोरगी दचकून सरळ उभी राहिली. पाठोपाठ सगळेच. आत्यानं तोंड उघडलं, आणि मला वाटलं, झालं, आता ही म्हणणार, चालू द्या तुमचं.

“मला हवंय!” ती म्हणाली. नुसतं एवढंच. स्वतःच घाबरली. मग धरण फुटलं. “मला बारा जण हवेत! पंचवीस डॉलर, माणशी! गिअरबॉक्सला!”

“तुझ्या बसच्या, व्हेल्माबाई?”

“सामोआच्या!”

“सामोआला बस घेऊन गेलीस?”

“तिची बस! एक बाई आहे, तिला बस चालवायचीय, आणि ती उभी आहे, आणि मला बँकेनं लग्न करून या म्हणून सांगितलं होतं, आणि मी दोन वर्षं मासे कापले, आणि अर्धा तास सिडनीनं खाल्ला, आणि अकरा मिनिटं राहिलीत! द्या!”

यातलं कोणाला काय कळलं देव जाणे. पण एकतीस वर्षांत या बाईनं त्यांच्याकडे काही मागितलेलं नव्हतं, तिकीटसुद्धा नाही. ते सगळे चकित होऊन बघत होते, जणू पाण्यातून जेट्टीच चालत आली.

“खिशात काय आहे?” आत्यानं सगळ्यात जवळच्या माणसाला विचारलं.

“खेकडा,” तो म्हणाला.

“पैसे नंतर द्या!” वहिनी ओरडली. “माझ्या कार्डावर टाकते! ज्याला द्यायचेत त्यानं दाताळं वर करा!”

एक दाताळं वर गेलं. मग चार. मग एकदम सगळा समुद्रच उभा राहिल्यासारखं झालं. आत्या बोट दाखवत मोजत सुटली, “तू एक, तू दोन, कीथ नीट धर, डोळा फोडशील कोणाचा, तू तीन...” वहिनीचा अंगठा चालला होता, मी बादलीनं तिच्यावर सावली धरली होती कारण उन्हात स्क्रीन दिसत नव्हता, आणि बादलीतलं पाणी तिच्या मानेवर सांडत होतं, दोन्ही खेकड्यांसकट.

“एकच राहिला!” वहिनी किंचाळली.

“माझा!” “माझा रे, मी आधी वर केलं होतं!” दोघं सख्खे भाऊ पाण्यात झोंबायला लागले. आत्यानं दोघांकडे दुर्लक्ष करून तिसऱ्याच एका म्हातारीचं नाव घेतलं.

पाच अठ्ठावीस. पट्टी भरली.

आत्यानं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. “म्हणजे तिला मिळाले?”

“मिळाले.”

“नक्की?”

“नक्की, आत्या.”

आत्या हसायला लागली. आधी खांदे, मग पोट, मग सगळीच. हसता हसता पाय सटकला आणि ती फ्रॉकसकट पाण्यात बसली, आणि उठेचना. दाताळी अजून वरच होती; ज्यांचा नंबर लागला नव्हता ते खाली करायला तयार नव्हते. वहिनीला यादी उघडून पुढची माणसं शोधावी लागली, आणि अर्ध्या तासात आमच्या गावानं एका इस्तंबूलच्या न्हाव्याला, एका बोलिव्हियाच्या बटाटेवालीला आणि कोणा पंक्चरवाल्याला कर्ज दिलं. मर्व काका कंबरभर पाण्यात, आवाजाशिवाय, नुसत्या हातांनी शर्यतीचं वर्णन करत होता.

शेवटी आम्ही आत्याला धरून किनाऱ्यावर आणलं. लिंडसे अजून छत्रीखाली बसला होता.

“जिंकलं कोण?” त्यानं विचारलं.

“मी,” आत्या म्हणाली. केसांतून पाणी निथळत होतं. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता त्याला काहीतरी देणार. शिडी, पंप, काहीतरी.

“लिंडसे,” ती म्हणाली, “मला एक बिअर दे.”

लिंडसे खुर्चीतून निम्मा उठला.

“थंड,” आत्या म्हणाली. “आणि ऊठ, ती खुर्ची पण दे. आणि टोपी.”